तुम्ही विचारलंत म्हणून : मी नक्की कुणाच्या बाजूचा?

लग्नाच्या पंगतीत, तालमीच्या कट्ट्यावर, एकदा तर रंकाळ्यावर भेळ खाताना हा प्रश्न आलाय. "2019 ला ई-सिगारेटबंदीविरुद्ध सरकारला लिहिलंत, 2021 ला तंबाखूचा कायदा कडक करा म्हणून सूचना पाठवलीत. नक्की कुणाच्या बाजूचे तुम्ही?" त्याच्या पोटातला दुसरा प्रश्नही मला ऐकू येतो : सिगारेट कंपनीनं किती दिले? काही नाही. उलट झेरॉक्सचे पैसे माझेच गेले.

पहिलं पत्र खरं तर आबांचं. शिरोलीच्या फाउंड्रीत लागलेली बिडी रिटायर झाल्यावरही सुटेना. निकोटिनचं च्युइंगम कवळीला चिकटायचं. 2018 ला मी ई-सिगारेटचं यंत्र आणून दिलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "ह्याची राख कुठं झाडायची?" हळूहळू बिडीचा कट्टा दोन दिवस पुरायला लागला.

18 सप्टेंबर 2019 ला ई-सिगारेटबंदीचा अध्यादेश आला. आयात, विक्री, जाहिरात बंद. ओढणाऱ्याला शिक्षा नाही, पण साठा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड. असलेला साठा पोलीस ठाण्यात जमा करायचा. आमच्या कपाटात लिक्विडच्या दोन-तीन बाटल्या. आबा म्हणाले, "चौकीत नेऊन देऊ काय रं? पावती देतील?"

कायदा करण्याआधी लोकांचं मत घ्यायच्या केंद्राच्याच 2014 च्या धोरणात मसुदा 30 दिवस लोकांपुढं ठेवायचं म्हटलंय. अध्यादेश त्या वाटेनं आला नाही. म्हणून संसदेत विधेयक यायच्या आत, कुणी मागितली नसताना सूचना पाठवायचं ठरवलं. आबा पलंगावर, मी लॅपटॉप घेऊन खाली. ते सांगत होते, मी जरा शुद्ध करून टाइप करत होतो. "बिडी चालू ठेवायची आन् हे बंद करायचं, ह्यो कुठला न्याय?" हे छान झालं. मी त्याला तंबाखूवापराच्या सरकारी पाहणीचे आकडे जोडले : 2016-17 ला महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के, तंबाखू-मिश्री-गुटख्यावाले 24.4 टक्के. गुटख्यावर तर 2012 पासून बंदी आहे, टपरीवर बघा.

मग आबा म्हणाले, "आन् लिही, मी दोन्ही वडतो."

मी म्हटलं, आबा, ते कशाला? तेवढंच धरून बसतील.

"खोटं लिवायचं आसंल तर माझं नाव काढ."

खोटं नाही, फक्त ते वाक्य नाही, असं मी बराच वेळ समजावलं. मला राग आला होता. आईनं स्वयंपाकघरातून "जेवायला या" म्हणून तीनदा हाक मारली. शेवटी आबा भिंतीकडं तोंड करून झोपले. मी ते वाक्य पत्रात घातलं आणि पाठवलं. एका वकील मित्रानं वाचून सांगितलं, "विरोधकांच्या हातात आयतं कोलीत दिलंस." खरंय त्याचं. अजूनही वाटतं, नसतं घातलं तर पत्र जोरकस झालं असतं. पण मग ते आबांचं झालं नसतं.

उत्तर आलं नाही. अमेरिकेत ई-सिगारेट नियमाखाली आणायचा मसुदा 2014 ला निघाला तेव्हा 1,35,000 हून जास्त सूचना आल्या. 2016 च्या अंतिम नियमासोबत तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं आक्षेपांचे गट करून उत्तरं छापली. पटली नाहीत तरी उत्तरं तर होती.

2020 च्या दिवाळीत अकरावीतल्या भाच्याच्या दप्तरात आंब्याच्या वासाची पेनासारखी वस्तू सापडली. बंदी असताना. माझ्या बहिणीनं मला विचारलं, "दादा, तुझ्या पत्रातलं हेच का ते?" मी गप्प बसलो. जानेवारी 2021 ला तंबाखू कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा आला : वय 18 वरून 21, सुटी सिगारेट विकायची नाही. 31 तारखेपर्यंत सूचना मागवल्या होत्या. मी दोन्हीला पाठिंबा लिहिला. बहिणीला बरं वाटावं म्हणून नव्हे. निदान तेवढंच म्हणून नव्हे.

बाटल्या संपल्यावर आबा पुन्हा पूर्ण बिडीवर आले. 2022 ला गेले, फुप्फुसांनीच. यंत्र मिळत राहिलं असतं तर जास्त जगले असते, असं म्हणायचा मोह होतो. पण ते दोन्ही ओढत होते, आणि तसं त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलंय.

तेव्हा बाजू विचारायची असेल तर कुठल्या कलमाबद्दल विचारताय ते आधी सांगा. पुढचा मसुदा आला की मी परत लिहिणार आहे.