मधले दोन तास

एफवायचं, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं, टाइमटेबल बोर्डावर लागलं की माझ्याकडे येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, साडेआठला लेक्चर संपतंय आणि पुढचं साडेदहाला आहे. मध्ये काय?" मध्ये काही नाही, असं सांगितलं की पोरं संशयाने बघतात. काहीतरी असणारच, सर सांगत नाहीयेत. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. बारावीपर्यंत शाळा, क्लास, सराव परीक्षा, परत क्लास असा त्यांचा दिवस दुसऱ्याच कुणीतरी गच्च भरून ठेवलेला असतो. आणि आता भर सकाळी, नाशिकसारख्या शहरात, दोन अख्खे तास मोकळे. बरं, त्यासाठी कुणाची परवानगीही घ्यायची नाही.

हे तास कुणी मुद्दाम ठेवत नाही. मी टाइमटेबल समितीवर असल्यामुळे छातीवर हात ठेवून सांगू शकतो. नवं शैक्षणिक धोरण आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून आलं आणि एकाच वर्गाने एकाच खोलीत बसून सगळे विषय शिकायचे, हा प्रकार संपला. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या निवडीचा विषय, आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा. म्हणजे आर्ट्सचा मुलगा कॉमर्सच्या वर्गात आणि सायन्सची मुलगी माझ्यासमोर. विषयाचं वजन क्रेडिटांत मोजायचं: सेमिस्टरभरात थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30, सेमिस्टरला वीस-बावीस क्रेडिटं. खोल्या मात्र होत्या तेवढ्याच. सगळं कोंबून झाल्यावरही काही चौकोन रिकामे राहतातच. त्यांना क्रेडिट नाही आणि 75 टक्के हजेरीच्या हिशेबातही ते येत नाहीत.

सुरुवातीला पोरं या वेळात त्याच वर्गात, त्याच बाकावर बसून राहतात. गळ्यात आय-कार्ड, मांडीवर सॅक. उठलो तर जागा जाईल, अशी काहीतरी धास्ती. मग एकेक जण व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावतो. वर्गात तोलूनमापून प्रमाण मराठी बोलणारा सटाण्याचा मुलगा फोनवर आईशी अहिराणीत सुरू झाला की त्याचा आवाजच बदलतो. जिन्याजवळ उभी असलेली मालेगावची मुलगी ते ऐकते, आणि दुसऱ्या दिवशी ती दोघं चहाच्या टपरीवर "काय करी ऱ्हायना?" करत उभी दिसतात. आम्ही हॉलमध्ये दीपप्रज्वलन करून घेतलेल्या स्वागत समारंभात ही दोघं एकमेकांपासून चार खुर्च्या लांब बसली होती. समारंभाचा खर्च समितीने मंजूर केलेला होता, एवढंच त्यातलं मला आठवतं.

दिंडोरी, सिन्नर, निफाडकडून रोज येणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांच्या डोक्यात एसटीचं वेळापत्रक चालू असतं. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास होता. एफवायला पहिल्यांदा पासाचे पैसे मोजावे लागतात. मग मधल्या दोन तासांपायी दुपारची गाडी चुकली की त्यांचा जीव तुटतो. त्यातली एक मला म्हणाली, "सर, या वेळात आमच्याकडं अर्धा एकर निंदून होतो." यावर काय उत्तर देणार?

नाशिक शहरातल्याच पोरांना वेगळाच जाच. पंचवटी, इंदिरानगर, सिडको इथून येणाऱ्यांच्या आयांना हा मधला वेळ पटतच नाही. "लेक्चर नव्हतं तर घरी का नाही आलास?" हॉस्टेलच्या मुलाला निदान असा प्रश्न विचारायला कुणी नसतं. घरी राहून कॉलेज करणाऱ्याला स्वतंत्र व्हायला जास्त वेळ लागतो, हे माझं मत आहे आणि ते मी पालकसभेत बोलून दाखवत नाही.

खरा बदल होतो तो पावसाने. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की वर्गात कुजबुज सुरू होते, "गंगेला पूर आलाय." बाहेरगावच्यांना आधी कळत नाही, नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी. मग मधल्या वेळात घोळका निघतो. अशोकस्तंभ, रविवार कारंजा, तिथून खाली. पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, हे बघायचं. आमच्याकडे पूर याच मापाने मोजतात. पोलीस हाकलतात, ही मंडळी पुलाच्या कडेने थोडी मागे सरकतात, भिजतात आणि साडेदहाच्या लेक्चरला पावणेअकराला ओल्या चपला वाजवत आत येतात. मी रागावतो. रागावून झालं की पाणी कुठपर्यंत आलंय तेही विचारतो.

त्यानंतर या वेळाला वळण लागतं. कुणी काढलेल्या वर्गणीतून मिसळ, तीही दोघांत एक, पापड मात्र प्रत्येकाला वेगळा. कुणी सार्वजनिक वाचनालयात जायला लागतो. 1840 सालची ही संस्था आपल्या दोन तासांवर कुरकुर करत नाही, हे त्याचं त्यालाच सापडतं. डिसेंबरात नाशिकची थंडी पडली की सगळे उन्हाच्या तुकड्याबरोबर सरकत बसतात आणि परीक्षेच्या झेरॉक्सवर झोपतात. काही जण नुसते बसतात. तेही जमावं लागतं.

मध्यंतरी समितीत सूचना आली की या वेळात इंग्रजी संभाषणाचा वर्ग ठेवावा, मुलांचा वेळ वाया जातो. मी विरोध केला. कारण विचारल्यावर मात्र मला धड काही सांगता आलं नाही. खोली उपलब्ध नाही, एवढं बोललो. ते लगेच पटलं.

जानेवारीत दुसऱ्या सेमिस्टरचं कच्चं टाइमटेबल लागलं. त्यात गुरुवारचे दोन तास योगायोगाने भरले गेले होते. दुपारी टेबलावर एक अर्ज आला, शाळेत शिकवलेल्या पद्धतीने समास सोडून लिहिलेला. "विषय : गुरुवारचा मधला वेळ पूर्ववत करण्याबाबत." खाली सह्यांची रांग. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, "शैक्षणिक". मी तो अर्ज शेरा मारून समितीपुढे ठेवला आहे.