पंधरा वर्षांची गाडी रिपासिंगला अडते कुठे

जुनी गाडी म्हटली की लोक आधी इंजिनाबद्दल विचारतात. रिपासिंगला, म्हणजे पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवताना आरटीओत होणाऱ्या तपासणीला, मात्र पंधरा-सोळा वर्षांची अल्टो किंवा सँट्रो इंजिनामुळे क्वचितच अडते. ती अडते रबरावर, दिव्यांवर, ब्रेकवर, धुरावर आणि सगळ्यात आधी कागदांवर. यातली बरीच कामं कमी खर्चाची आहेत, फक्त ती तारखेच्या महिनाभर आधी व्हायला हवीत.

खाजगी गाडीला आपल्याकडे दरवर्षी पासिंग नसतं. नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर तपासणी होऊन दर वेळी पाच वर्षांची मुदत मिळते. पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी फिटनेस लागतं. सेकंडहँड घेताना हा फरक बघा, कारण टॅक्सीतून खाजगीत बदललेल्या गाडीचे बुश (सस्पेन्शनच्या जोडांतली रबरं) आणि सीट बेल्ट त्याच वयाच्या घरगुती गाडीपेक्षा जास्त झिजलेले असतात.

कागदांचं आधी उरकून घ्या. फॉर्म २५, म्हणजे नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज, मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून भरता येतो. मुदत उलटली की कारला दर महिन्याला ५०० रुपये दंड चढतो. विमा चालू हवा, पीयूसी चालू हवी, जुने ई-चलान भरलेले हवेत. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी लागते. गाडी एमएच ३१ची (नागपूर शहर), मालक आता एमएच ४९ (पूर्व नागपूर) किंवा एमएच ४०च्या (नागपूर ग्रामीण) हद्दीत, आणि आरसीवर अजून जुना पत्ता किंवा आधीच्या मालकाचं नाव, हा प्रकार नागपुरात फार दिसतो. नाव आणि पत्ता बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) तीन वर्षांच्या आतली हवी. रंग बदलला असेल तर त्याचीही नोंद लागते. काचेवरची काळी फिल्म आणि पुढचा बुल बार घरीच काढून टाका.

आता धूर. गाडी बीएस (भारत स्टेज, म्हणजे धुराचा सरकारी निकष) तीन की बीएस चार, हे आरसीवर बघा. २०१० मध्ये बीएस चार ज्या तेरा शहरांत आधी लागू झालं त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं, नागपूर नव्हतं. सगळ्या देशात ते एप्रिल २०१७ ला आलं. त्यामुळे दोन गाड्या एकाच वर्षाच्या असूनही निकष वेगळे असू शकतात. पेट्रोल बीएस तीनला आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) ७५० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस चारला हेच ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहे, शिवाय वाढवलेल्या आरपीएमवर लॅम्डा (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये बसावा लागतो. बीएस चार आणि सहाची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांची सहा महिने.

आकड्यांवरून दोष ओळखता येतो. एचसी वाढलं म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय: प्लग, प्लगची वायर किंवा कॉइल बघा. सीओ वाढलं म्हणजे मिश्रण रिच आहे, त्यात पेट्रोल जास्त आहे: आधी एअर फिल्टर, मग ऑक्सिजन सेन्सर. लॅम्डा १.०३ च्या वर गेला आणि बाकी सगळं ठीक असेल, तर सायलेन्सरच्या जोडावर किंवा गॅस्केटपाशी गळती आहे का ते आधी तपासा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मशीन फसतं. या गळतीपायी चांगले सेन्सर बदलले जातात, याचं फार वाईट वाटतं. थंड इंजिनाची पीयूसी करूच नका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. वर्धा रोडनं जामठ्यापर्यंत जाऊन या आणि गाडी बंद न करता थेट सेंटरवर न्या. डिझेलला हाच फेरा जास्त उपयोगी पडतो, कारण शहरात रखडत चाललेल्या गाडीच्या सायलेन्सरमधली काजळी त्यात बऱ्यापैकी निघून जाते. डिझेलची मर्यादा बीएस चारच्या आधी ६५ हार्ट्रिज (धुराच्या काळेपणाचं एकक), बीएस चारला ५०. लांब फेऱ्यानंतरही काळा धूर असेल तर एअर फिल्टर, टर्बोचा होज आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), या क्रमानं बघा. इंजेक्टर सगळ्यात शेवटी, कारण ते महाग काम आहे.

ब्रेकला सगळ्यात जास्त वेळ द्या. कमी चालणाऱ्या गाडीत कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकून बसतात, एका चाकाला ब्रेक कमी लागतो आणि गाडी एका बाजूला ओढते. पिना काढून साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावलं की काम होतं, साधं ग्रीस रबर फुगवतं. मागचे ड्रम उघडायलाच लावा. व्हील सिलिंडरचा कप गळत असेल तर ऑइल लायनरवर (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर) येतं. असे लायनर पॉलिश पेपरनं घासून वापरू नयेत, दोन्ही बाजूंचे बदलावेत. हँडब्रेक बहुधा केबल लांबल्यामुळे नाही, तर लायनर झिजल्यामुळे वर येतो. म्हणून आधी ड्रममधलं अंतर जुळवा, मग केबल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे दर दोन वर्षांनी बदला. डीओटी (ब्रेक ऑइलचा दर्जा) तीन की चार, ते झाकणावर लिहिलेलं असतं.

नागपूरचा मे महिना रबर खातो. पंचेचाळीस अंशांत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे अ‍ॅक्सल बूट, स्टीअरिंग रॅकचे बूट (जोडांवरची रबरी आवरणं) आणि लोअर आर्मचे बुश तडकतात. बूट फाटला की ग्रीस उडतं, धूळ आत जाते आणि काहीशे रुपयांच्या बुटापायी पूर्ण जॉइंट जातो. पुढचं चाक जॅकवर उचलून नऊ-तीनच्या स्थितीत हलवा: खेळ असेल तर टायरॉड एन्ड किंवा रॅक. बारा-सहाच्या स्थितीत खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, पण कमी फिरणाऱ्या गाडीत नक्षी भरपूर असते आणि बाजूचा भाग तडकलेला असतो. बाजूवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

दिव्यांत बाहेरून घेतलेले एलईडी बल्ब हटकून अडचणीत आणतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये त्यांचा झोत पसरतो, डिपरची रेषच राहत नाही. एच चार, ६०/५५ वॅट बल्ब परत बसवा. हेडलाइट मंद असेल तर बल्बच्या आधी अर्थची वायर साफ करा. काच पिवळी पडली असेल तर पाणी लावून आठशे, मग दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून वर पॉलिश मारा. इंडिकेटर भराभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेलेला आहे. नंबर पाटीचा दिवा कुणी बघत नाही, निरीक्षक मात्र बघतात. वायपर, हॉर्न आणि मागच्या सीटचे बेल्टही जाण्याआधी बघून घ्या.

चेसिस नंबर सगळ्यात नाजूक. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो आणि बॅटरीच्या वाफेनं तिथे गंज धरतो. रॉकेल आणि मऊ ब्रश वापरा, पेन्सिलीनं कागदावर ठसा घेऊन आकडे आरसीशी जुळवा, मग ग्रीसचा पातळ थर द्या. ग्राइंडर अजिबात लावू नका. घासलेला नंबर छेडछाडीसारखा दिसतो आणि त्याची चौकशी महिनोन्‌महिने चालू शकते. गंज आकड्यांच्या आत गेला असेल, किंवा दारांखालचे सिल (कडेचा पत्रा) आणि सस्पेन्शनचे माउंट स्क्रू ड्रायव्हरनं टोचल्यावर आत जात असतील, तर तशी सेकंडहँड गाडी घेऊ नका. बाकी सगळं दुरुस्त होतं, पण या पत्र्याचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीत बसत नाही.

मुदत सहा महिन्यांवर आलेली गाडी घेत असाल तर रिपासिंगची फी, पर्यावरण कर, टायर आणि ब्रेकचं काम किमतीतून वजा करूनच बोला. कारच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला ती आणखी जास्त लागते.