मीटर १.२३ का दाखवत नाही?

सोलापुरात इंजिनिअरिंगच्या मुलांना मी फ्युएल सेल शिकवतो, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून थेट वीज बनवणारा सेल. दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "सर, पुस्तकात हायड्रोजन-ऑक्सिजन सेलला १.२३ व्होल्ट दिलेत. मीटरवर ०.९५ च कसे? आणि छोटा पंखा जोडला की थेट ०.७?"

तुम्हालाही हाच प्रश्न पडला असेल तर सांगतो, दोष बहुतेक सगळा ऑक्सिजनच्या इलेक्ट्रोडकडे जातो. हायड्रोजन प्लॅटिनमला टेकला की फुटतो, इलेक्ट्रॉन तारेत सोडतो, प्रोटॉन दोन इलेक्ट्रोडमधल्या पडद्यातून पलीकडे जातात. नुकसान किरकोळ. ऑक्सिजन मात्र रडतराऊत घोड्यावर बसवल्यासारखा. त्याचा दुहेरी बंध तोडा, चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन पुरवा, तेव्हा कुठे पाण्याचे दोन रेणू हाती लागतात. ६०-८० अंशांना ही क्रिया प्लॅटिनमवरसुद्धा रखडते आणि तिला ढकलण्यातच ०.३-०.४ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून हायड्रोजनच्या बाजूला चौरस सेंटिमीटरला ०.०५ मिलिग्रॅम प्लॅटिनम पुरतं, तर इकडे ०.२ ते ०.४ लागतं. खर्चाचं दुखणं तिथंच आहे.

पंखा न जोडताही व्होल्टेज कमी का? थोडा हायड्रोजन पडद्यातून झिरपून ऑक्सिजनच्या बाजूला येतो आणि तिथंच संपतो. शिवाय प्लॅटिनमवर ऑक्साइडचा थर बसतो.

"मग तापवा की, सोलापुरात उन्हाला काय तोटा!" असंही ऐकवतात. पण पडद्यातून प्रोटॉन जायला पाणी लागतं. शंभर अंशांच्या पुढे तो कोरडा पडतो आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. बाहेरची हवा घेणारा छोटा सेल तर आपल्या मे महिन्याच्या कोरड्या वाऱ्यातच कुरकुरतो. कूलरसमोर ठेवला की सुधारतो.

पाणी जास्त झालं तरी पंचाईतच. ऑक्सिजनच्या बाजूच्या पारदर्शक नळीकडे बघत बसा. वायूच्या खाचेत थेंब अडकला की मीटरवरचा आकडा हळूहळू उतरतो, थेंब नळीतून बाहेर पडला की झटक्यात वर येतो. इलेक्ट्रोडपर्यंत वायू पोचवणाऱ्या कार्बन कागदाला टेफ्लॉन लावतात ते यासाठीच, पाणी निसटावं आणि वायूला वाट मोकळी राहावी म्हणून.

तेव्हा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सेल विकत घेणार असाल, तर नुसतं "किती व्होल्ट?" विचारू नका. किती अँपिअर घेतल्यावर किती व्होल्ट उरतात, त्याचा आलेख मागून घ्या.