सुरुवातच चुकीच्या पिशवीनं

गेल्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत माझं एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या रक्तातल्या साखरेची सरासरी, ६.१ आलं. वजन ७४.५ किलो, उंची पाच फूट दोन इंच, कंबर ९६ सेंटिमीटर. डॉक्टर म्हणाले, "डायबेटिस नाही, पण ५.७च्या वर गेलं की आम्ही लक्ष ठेवतो. नुसतं चालू नका, थोडी वजनंही उचला." डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगच्या खालीच जिम आहे, त्यामुळे सबब सांगायची सोय नव्हती.

चौथ्या दिवशी ट्रेनर म्हणाला, "ताई, प्रोटीन घ्यावं लागेल." कुठलं, किती, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं तीन किलोची सोनेरी पिशवी पुढे केली. "मॅडम, यात सगळंच आहे, शिवाय स्वस्त." २,४०० रुपये. पिशवीवर ठळक अक्षरात 'मास गेनर' लिहिलं होतं. वाचलं मी ते, पण मला वाटलं ताकद वाढवायचं काहीतरी असेल!

चव मात्र झकास. सकाळी एकदा, ऑफिसातून आल्यावर एकदा, प्रत्येक वेळी ७५ ग्रॅम. विसाव्या दिवशी पिशवी संपली आणि काट्यावर ७६ किलो. जिमला जाऊन दीड किलो वाढलं म्हटल्यावर नवरा हसायचाच.

त्या रात्री चष्मा लावून पिशवीची मागची बाजू वाचली. एका वेळेला २९० कॅलरी, त्यात प्रोटीन १५ ग्रॅम आणि कार्बोहायड्रेट ५५. मास गेनर म्हणजे वजन वाढवायचीच पावडर. बारीक व्हायला मी दिवसाला ५८० कॅलरींचं गोड पाणी पीत होते, तेही रोजचं जेवण तसंच ठेवून. वीस दिवसांच्या ११,६०० झाल्या. किलोभर चरबीमागे साधारण ७,७०० कॅलरी धरतात. हिशोब अगदी चोख जुळला. काटा बिचारा खरं बोलत होता.

मग वहीत रोजचं खाणं लिहून काढलं. सकाळी कांदेपोहे, डब्यात तीन पोळ्या आणि भाजी, तीन चहा, रात्री दोन पोळ्या, आमटी-भात. पोळीचे तीन-तीन ग्रॅम, आमची आमटी पातळ म्हणून दोन वाट्यांचे आठ, असं करत बेरीज ३७ ग्रॅमवर थांबली. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबानं किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे मला बासष्टच्या आसपास. ट्रेनर किलोमागे दोन ग्रॅम म्हणत होता, ते मला झेपणारं नव्हतं. मी ८० ठरवलं. डॉक्टरांनी आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घेतली आणि मगच हो म्हटलं. किडनीचा त्रास असेल तर हे विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही, हेही बजावलं.

दुसऱ्यांदा व्हे कॉन्सन्ट्रेट, म्हणजे दुधापासून केलेली प्रोटीन पावडर, आणलं. या वेळी एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याच्या परवान्याचा, चौदा आकडी नंबर बघितला, आणि मागची बाजू आधी वाचली. तरी पहिल्याच आठवड्यात पोट ढोलासारखं. कॉन्सन्ट्रेटमध्ये दुधाची साखर, लॅक्टोज, बऱ्यापैकी उरते आणि मला दूध तसंही बाधतं. गच्च भरलेल्या लेडीज डब्यात ठाण्यापर्यंत श्वास रोखून उभं राहणं काय असतं, ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. मग आयसोलेट, म्हणजे त्याचाच जास्त गाळलेला प्रकार, घेतलं. किलोला ३,६०० रुपये, पण लॅक्टोज नावापुरतं. पहिले दहा दिवस डब्यातल्या मापाच्या चमच्यानं अर्धाच स्कूप घेतला. पोट शांत झालं.

थंडीत एकदा हुशारी करून उकळत्या दुधात पावडर टाकली. क्षणात गुठळ्या. सासूबाई डोकावल्या, "अगं, नासलं हे." मी सांगितलं की नासलेलं नाही, पण ही पावडर चीज करताना दुधातून उरलेल्या पाण्याचीच असते. त्या दोन मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे पनीर केल्यावर मी ज्या पाण्यात कणीक भिजवते, तेच? आणि त्याचे साडेतीन हजार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. (त्या पाण्यात प्रोटीन अगदी थोडं असतं, ते गाळून, आटवून, वाळवून एवढं दाट करतात. पण तेव्हा वाद घालण्यात अर्थ नव्हता.)

शेकरबद्दलही, म्हणजे पावडर पाण्यात हलवायच्या बाटलीबद्दलही, सांगते. एका शुक्रवारी तो न धुता बॅगेत राहिला. सोमवारी ऑफिसच्या बेसिनपाशी झाकण उघडलं तर फट्कन आवाज झाला आणि असा वास सुटला, की शेजारच्या मॅडम चहाचा कप घेऊन निघूनच गेल्या. तेव्हापासून प्यायल्याबरोबर विसळते आणि झाकण काढूनच ठेवते.

फरक कशानं पडला म्हणाल, तर वडापाव सुटल्यानं. संध्याकाळी सहाला स्टेशनवर जी भूक लागायची, तिला मी वडापावनं गप्प करत असे, जवळपास ३०० कॅलरी. त्या जागी पाण्यात एक स्कूप, ११५ कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रोटीन. रात्री भातावर तुटून पडणं आपोआप थांबलं. सकाळी दोन अंडी, दुपारी वाटीभर उसळ वाढवली आणि ऐंशीचा आकडा जुळला. मे २०२४ मध्ये आयसीएमआरनं शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा असं सांगितलं होतं. नवऱ्यानं ती जुनी बातमी शोधून मला मोठ्यानं वाचून दाखवली. मी त्याला म्हटलं, पावडर सोडते, संध्याकाळी सहाला तू मला उकडलेली अंडी आणून दे.

मध्ये सात आठवडे काटा ७१वर अडून बसला. त्याच दिवसांत ब्लाउजला आतून टीप मारावी लागली आणि पुलाचे जिने बॅग घेऊन न थांबता चढता यायला लागले, म्हणून धीर सुटला नाही. दिवाळीत दोन किलो परत आले, फराळाला नाही म्हणणं मला जमत नाही आणि जमवायचंही नाही. नऊ महिन्यांनी ६९ किलो, कंबर ८८, एचबीए१सी ५.८.

पैशांचा हिशोबही केलाच. आयसोलेटचं एक ग्रॅम प्रोटीन मला चार रुपयांच्या वर पडतं, अंड्याचं सव्वा रुपयाच्या आत. त्यामुळे आता पावडर फक्त उशिरा निघायच्या दिवशी, आठवड्यातून दोन-तीनदा.

संपलेला डबा सासूबाईंनी धुऊन, उन्हात वाळवून त्यात तूरडाळ भरली आहे. स्कूपही आतच ठेवलाय. पूर्वी आमटीला दोन मुठी डाळ पडायची, आता मोजून तीन स्कूप पडतात, आणि आमटी पातळ झाली की त्या माझ्याकडेच बघतात.