माझा अनुभव : पंचवीस टक्के पाणी बदलूनही पीएच का कोसळतो

"आठवड्याला पंचवीस टक्के पाणी बदला." माशांच्या कुठल्याही दुकानात विचारा, हेच उत्तर. कशाचे पंचवीस टक्के आणि कुठलं पाणी, हे कोणी सांगत नाही. माझी टाकी नेमकी याच दोन प्रश्नांपाशी अडली. राग अजून गेलेला नाही, म्हणून आकड्यांसकट लिहितो.

पहिला प्रश्न सोपा. टाकी ९० × ३८ × ४५ सेंमी. गुणाकाराला १००० ने भागलं की १५४ लिटर. पण तळाशी ५ सेंमी रेती आणि वर ४ सेंमी रिकामी जागा. पाण्याची खरी उंची ३६ सेंमी, म्हणजे १२३ लिटर. त्याचे पाव ३० लिटर, दीड बालदी. काचेला बाहेरून, पाण्याच्या पातळीखाली ९ सेंमीवर टेप लावलीय. पाणी तिथवर उतरलं की सायफन (पाणी ओढून काढणारी नळी) बंद, बालद्या मोजायची कटकट नाही. आटलेलं पाणी वरून भरणं यात धरू नका. वाफ होते ती फक्त पाण्याची, नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी उरतं ते) आणि क्षार टाकीतच राहतात.

टक्के ठरतात ते नायट्रेटवरून. दोन बदलांमध्ये नायट्रेट किती वाढतं ते किटने मोजा. माझ्याकडे आठवड्याला १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम). ही वाढ बदलाच्या प्रमाणाने भागली की नायट्रेट शेवटी जिथे स्थिरावतं तो आकडा मिळतो: दहा टक्क्यांना १००, पंचवीसला ४०, पन्नासला २०. नळाच्या पाण्यात मुळात नायट्रेट असेल तर तेही यात मिळवायचं. आणखी एक: पंचवीस-पंचवीस टक्के दोनदा बदललं म्हणजे पन्नास होत नाही, पावणेचव्वेचाळीस होतं. दुसऱ्या वेळी थोडं नवं पाणीही बाहेर जातं.

इथवर सगळं गणितात बसतं. घोळ होतो तो गोव्याच्या पाण्यात.

आपली जमीन चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. विहिरीचं पाणी अनेक ठिकाणी आंबटसर आणि मऊ. नळाचं पाणी ओपाचं असो वा साळावलीचं, ते नदी-धरणाचं, त्यातही क्षार कमीच. पावसाळ्यात गढूळपणा बसवायला तुरटी जास्त लागते आणि तुरटी पाण्यातली अल्कलिनिटी (आम्ल पचवून पीएच स्थिर ठेवायची ताकद) खाते. ती अंशांत मोजली की तिला केएच म्हणतात. जुलैमध्ये माझ्या नळाच्या पाण्याचा रंग केएच किटच्या दोन थेंबांत निळ्याचा पिवळा होतो, म्हणजे केएच २ अंश. पीएच मात्र ७ दिसतो. त्यामुळे पीएचची पट्टी बघून 'पाणी मस्त आहे' म्हणणारा दुकानदार आणि मी, दोघेही फसलो. केएच मोजायचं किट त्याच्याकडे नव्हतंच.

फसगत अशी होते. माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्रेट करताना टाकीतले जिवाणू अल्कलिनिटी वापरतात. ११ पीपीएम नायट्रेट तयार झालं की साधारण १ अंश केएच गेला. माझ्या १० पीपीएमला आठवड्याला ०.९ अंश जातो. वरचंच सूत्र इथे उलटं लावा: ०.९ भागिले ०.२५, म्हणजे ३.६ अंशांची तूट. नळ देतो २. म्हणजे पंचवीस टक्क्यांवर माझ्या टाकीचा केएच शून्यावर येणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. केएच वाढवणारा खायचा सोडा न घालता टिकायचं तर दर आठवड्याला ४५ टक्क्यांहून जास्त पाणी बदलावं लागेल. दाट वनस्पती असतील तर त्या नायट्रोजन खातात, तूट कमी पडते.

केएच संपला की पीएच ६ च्या आसपास घसरतो, जिवाणू जवळपास थांबतात आणि अमोनिया साचू लागतो. तरी मासे लगेच मरत नाहीत. पीएच ६ ला अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि तो फारसा विषारी नाही. पीएच एकाने वाढला की विषारी भाग दहापट होतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ वर तो अर्धा टक्का, ८ वर पाच टक्क्यांहून जास्त. म्हणजे बिघडलेल्या टाकीत घाबरून अर्धं पाणी बदललं आणि वर सोडा ओतला, की तासाभरात मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. "पाणी बदललं नि मासे मेले" यातल्या बऱ्याच गोष्टी इथल्याच.

अशा टाकीला घाई चालत नाही. आधी अमोनिया मोजा. तो असेल तर सोडा नाही. रोज फक्त दहा टक्के, तेही आहे तशा मऊ पाण्याने. खाणं दोन दिवसांआड, चिमटीभर. दहा दिवसांत जुन्या पाण्यातलं ३५ टक्केच उरतं. अमोनिया ०.२५ पीपीएमखाली आला की केएच रोज अर्धा अंश वाढवा. १०० लिटरला १ अंश वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो. बेकिंग पावडर नको, धुण्याचा सोडा तर नकोच. जिवाणू परत कामाला लागायला दोन-तीन आठवडे जातात.

आता माझं दर आठवड्याचं: ३० लिटर नव्या पाण्यात ३.६ ग्रॅम सोडा, पाऊण चहाचा चमचा. पाणी ६ अंशांचं होतं, आठवड्याच्या शेवटी टाकीत २ पेक्षा थोडा जास्त उरतो. शिवाय फिल्टरमध्ये तिसऱ्यांची (शिंपल्यांची) कवचं, उकळून, ठेचून, जाळीच्या पिशवीत, मूठभर. पाणी आंबट झालं की ती जास्त विरघळतात, म्हणून अतिरेक होत नाही. पण वेग कमी, एकट्या कवचांवर विसंबू नका.

बाकीचं आठवेल तसं.

विहिरीच्या ताज्या पाण्याचा पीएच मोजू नका. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. एअर स्टोन लावून २४ तासांनी मोजा, पीएच वर आलेला दिसेल. खाजनाशेजारची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीजवळची) विहीर असेल तर एप्रिल-मेमध्ये टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवा, पाणी खारावलेलं असू शकतं. पावसाच्या पाण्याचा केएच शून्य, ते 'शुद्ध' म्हणून भरू नका.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे: १० ग्रॅम १०० मिली पाण्यात विरघळवा, २० लिटरच्या बालदीला ३ मिली. २ पीपीएमपर्यंत पुरतं. नाहीतर रुंद टपात एक दिवस उघडं ठेवा, पण वर मच्छरदाणीचा तुकडा बांधून.

गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी नको. टाकीच्या आणि नव्या पाण्याच्या तापमानात फरक दोन अंश सेल्सिअसच्या आत हवा. सायफनआधी फिल्टरचं बटण बंद. स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली नाही.

आणि नायट्रेट किटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवा. तिच्या तळाशी भुकटी बसते. न हलवता थेंब टाकले तर आकडा फार कमी येतो आणि वरचं सगळं गणित चुकतं.