निपाणीच्या विहिरीत दिसणारा ज्वालामुखी

निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या उघड्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तळाला गेलं की तिची भिंत नीट पाहावी. वर काळी माती, खाली मुरूम, मग घट्ट काळा पाषाण आणि कधी मध्येच एक तांबडा पट्टा. हा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. त्यासाठी शंकूसारखा डोंगर शोधू नये. जमिनीच्या लांब भेगांतून पातळ लाव्हा आला आणि दूरवर पसरला, थरावर थर.

पृथ्वीच्या पोटात सगळीकडे रस उकळतोय, हा समज चुकीचा आहे. कवचाखालचं प्रावरण घनच असतं, कारण प्रचंड दाबामुळे ते इतकं तापूनही वितळत नाही. तो तप्त खडक वर सरकला की दाब उतरतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. भारताचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कठीण थराचा सरकता तुकडा, हिंद महासागरातल्या रियुनियनच्या उष्णस्थानावरून (खोलातून तप्त खडक वर येत राहतो त्या जागेवरून) सरकताना दख्खनखाली हेच घडलं. इंडोनेशियात कारण वेगळं: खाली बुडणाऱ्या भूपट्टातलं पाणी वरच्या खडकात शिरतं आणि तो कमी तापमानालाच वितळतो. आपलं अंदमानातलं बॅरन बेट त्याच जातीचं.

हा वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, भोवतीच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर चढतो. दाब कमी होताच त्यात विरघळलेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुडे होऊन सुटतात. पुढचं सगळं चिकटपणावर. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) 50 टक्क्यांच्या आसपास, तापमान 1100 ते 1200 अंश सेल्सिअस. रस पातळ, वायू सहज निसटतो. सिलिका 70 टक्क्यांवर गेली की रस घट्ट होतो, वायू कोंडतो आणि स्फोटात त्या रसाचाच चुरा होऊन राख उडते.

आपल्याकडच्या बुडबुड्यांच्या खुणा विहिरीतच आहेत. प्रत्येक थराच्या माथ्याशी दगड भोकाभोकांचा असतो. पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजं भरली. मधला भाग सावकाश थिजून घट्ट झाला, आकसताना त्याला उभ्या भेगा पडल्या. तांबडा पट्टा म्हणजे दोन थरांमधल्या काळातली, झिजून झालेली माती.

बोअर मारणाऱ्याने हे लक्षात ठेवावंच. पाणी मिळतं ते भेगांत, झिजलेल्या भागात आणि थरांच्या सांध्यात. सलग काळ्या पाषाणात कितीही खोल गेलं तरी बोअर कोरडी जाऊ शकते. तांबडी माती पाण्याने फुगून ढासळते, तिथे केसिंग (आधाराचा पाइप) घातलं नाही तर बोअर बुजते.

गोकाकला मात्र हा हिशेब लावू नये. घटप्रभा जिथून 52 मीटर खाली कोसळते तो खडक वाळूपासून बनलेला, या लाव्ह्याहून कितीतरी जुना.