तुम्ही विचारलंत म्हणून: ते पांढरे प्लग अजून का ठेवलेत?

घरी कुणी पहिल्यांदा आलं की पाणी पिता पिता भिंतीकडे बघतं आणि विचारतंच, एवढे जुने चिनी मातीचे प्लग कशाला ठेवलेत, शॉक नाही का बसत? दर वेळी घाईत अर्धवट काहीतरी सांगितलं जातं, म्हणून आज सगळं लिहितोय.

आमचं घर पुण्यात नारायण पेठेत, आजोबांनी 1954 साली बांधलेलं. तेव्हाची वायरिंग म्हणजे सागाच्या पट्टीवर पत्र्याच्या क्लिपा मारून नेलेली वायर, शेवटी लाकडी गोल ब्लॉक आणि त्यावर हा बशीसारखा चकचकीत पांढरा प्लग, मधे एक स्क्रू. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि खालच्या मजल्यावर पुरुषभर पाणी आलं. आजी सांगायची, पाणी ओसरल्यावर वायरमननं सगळी वायर ओढून टाकली, पट्ट्या फुगून वाकड्या झाल्या होत्या त्याही गेल्या, पण प्लग मात्र त्यानं बादलीत काढून दिले आणि आजीनं ते भांड्यांबरोबर राखेनं घासले, उन्हात वाळवले, मग आतली पितळ घासून ते परत भिंतीवर बसले. चिनी माती 1200 अंशांच्या वर भाजलेली असते, वर काचेसारखी झिलई, पाणी आत मुरतच नाही आणि ती जळतही नाही. एका कव्हरच्या आत, जिथे झिलई नाही तिथे, मातकट डाग अजून आहे. तो पुराचाच, असं आजी ठामपणे म्हणायची.

आता शॉकचं. घाबरायचंच असेल तर मागच्या वायरला घाबरा. जुन्या वायरवरचं रबर वाळून इतकं कडक होतं की बोट लावलं तरी भुगा पडतो. दुसरी पितळेची पकड, ती वर्षानुवर्षं पिन घालून सैल पडते, मग लूज कॉन्टॅक्ट, मग ते तापतं आणि भोकाच्या कडा काळ्या पडतात. आणि तिसरं म्हणजे दोन पिनी प्लगला अर्थिंगच नसतं, हा सगळ्यात मोठा प्रश्न.

म्हणून पाच वर्षांपूर्वी सगळं उघडलं. दोन वायरमननी "काढून टाका, तपकीर गल्लीतून मॉड्युलर आणा" एवढंच सांगितलं, तिसरा मात्र प्लग हातात घेऊन पितळ दाबून बघत बसला, तेव्हाच काम त्याला द्यायचं ठरवलं. नवीन तांब्याची वायर, प्रत्येक पॉइंटला अर्थिंग, किटकॅट फ्यूजच्या (तार घालायच्या जुन्या चिनी मातीच्या फ्यूजच्या) जागी एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, वर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लाइन तोडणारा स्विच. पकड घट्ट होती असे चार तीन पिनी प्लगच चालू ठेवले, त्यावर फक्त दिवा, रेडिओ, चार्जर. इस्त्री, फ्रिज, गीझर नव्या 16 अँपिअरच्या पॉइंटवर. दोन पिनीचे भिंतीवर आहेत, पण मागे वायर नाही. आणि आताच्या सॉकेटसारखं यांना आत शटर नसतं, त्यामुळे घरात लहान मूल आलं की मी आधी त्या लाइनचा एमसीबी पाडतो, मगच चहा ठेवतो.

आजचा टॉप, म्हणजे वायरीच्या टोकाचा पिनांचा भाग, यात बसतो का, हेही विचारतात. छान बसतो. ब्रिटननं 1947 मध्ये चौकोनी पिना आणल्या, आपण मात्र त्यांच्याच 1934 च्या स्टँडर्डमधल्या गोल पिना धरून राहिलो, त्यामुळे सत्तर वर्षांच्या प्लगमध्ये काल घेतलेला टॉप सरळ जातो. मला याचं खरंच फार अप्रूप आहे.

मागच्या महिन्यात रंगाऱ्याच्या हातून एका प्लगचं कव्हर पडून फुटलं. चिनी माती पडली की संपली, तिला जोड नाही. दोन रविवार जुन्या बाजारात फिरलो, मिळाली ती सगळी दोन पिनीची. 5 अँपिअरचं, तीन पिनी, मधल्या एकाच स्क्रूचं गोल कव्हर कुणाच्या माळ्यावर पडलेलं असेल तर प्लीज टाकू नका, मी येऊन घेऊन जाईन.